मागून आलेली हाक

मागून हाक मारली की ती जागच्या जागी थांबे. पण वळून बघत नसे. दौंडच्या स्टेशनाबाहेर, बाजारात, क्वार्टर्सच्या रस्त्यावर, कुठेही. आपण हाक मारावी आणि तिनं पाठमोरंच उभं राहावं, आपण धापा टाकत बरोबरीला येईपर्यंत. मग हसून म्हणे, "बोला ताई." नवख्या माणसाला वाटे, काय हा तोरा! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

"अगं, मान वळवली तर झिजेल का तुझी?" मी एकदा चिडून विचारलं.

"हाक आली की थांबायचं, ही आबांची शिकवण. आन् मागं बगायचं न्हाई, ही मास्तरांची. मी दोघांचंबी ऐकती."

आबा म्हणजे तिचे वडील. शिरूरकडचे, घोडनदीच्या काठावरच्या एका वस्तीतले मेंढपाळ. मास्तर म्हणजे पुण्याहून अधूनमधून येणारे रेल्वेचे खेळाचे प्रशिक्षक. आणि ती स्वतः आठशे मीटर धावण्यात देशात पहिली आलेली. त्या पळण्यावरच तिला रेल्वेत नोकरी लागली, आणि सत्तरचं दशक नुकतं सुरू झालेलं असताना ती आमच्या पार्सल ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली. ऑफिसात बायका दोनच. एक देशात पहिली आलेली आणि दुसरी जिना चढला तरी पाणी मागणारी. दुसरी म्हणजे मी. आमचं जमलं.

सगळे तिला ‘चँपियन’ म्हणत. आमच्या हेडक्लार्कसाहेबांचा एकच विनोद होता आणि तो ते वर्षानुवर्षं पुरवून वापरत. "चँपियन, पुण्याची गाडी सुटली तरी घाई करू नकोस हो. चहा घे, पुढच्या स्टेशनाला, पाटसला गाठशील." ती प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यासारखी हसायची. मला एवढं चांगलं वागणं कधी जमलं नाही.

पळायला ती पहाटे रेल्वेच्या मैदानावर जायची. अर्ध्या चड्डीवर सलवार चढवून घरातून निघायची, मैदानाच्या कोपऱ्यातल्या बाभळीला सलवार टांगायची आणि सुटायची. नळावरच्या बायकांना पाणी भरण्यापेक्षा त्या सलवारीचीच काळजी जास्त. तिच्याबरोबर पळेल अशी बाई सगळ्या दौंडात नव्हती. एका ड्रायव्हरची मुलगी दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी आईनं तिला घरातच ठेवून घेतलं. मग आमची चँपियन एकटीच गोल गोल पळत राहिली.

मास्तरांनी वेळ मोजायचं एक घड्याळ देऊन ठेवलं होतं. ते दाबायचं काम माझ्याकडे आलं. ती रेषेवरून पुढे निघून गेली तरी माझा अंगठा तिथंच. एका हातात चहाचा ग्लास असायचा, काय करणार! "ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणे, "तुमचं घड्याळ माझ्यापरीस जास्त दमतंय."

एकदा बाभळीखाली बुटाच्या नाड्या सोडता सोडता ती म्हणाली, "पुढं गेलं ना ताई, की लई शांत असतंय. कुणाचा श्वासबी ऐकू येत न्हाई. कळपात वाढले मी, आन् बगा कुठं येऊन पडले."

मी म्हटलं, "मग थोडं हळू पळ."

"ते येत न्हाई ना," ती म्हणाली आणि दोघी हसलो. आज त्या हसण्याचं मला वाईट वाटतं.

कळपात वाढले म्हणाली ते अगदी खरं होतं. दिवाळी झाली की तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. आबांची एक हाक होती. पोटातून निघायची आणि शेवटाला उंच चढायची. कळप सोडून एखादं मेंढरू पुढं गेलं की ते चुकलंच असं मेंढपाळ धरतो. पुढं लांडगा असेल, कडा असेल. आबांनी हाक दिली की ते मेंढरू होतं तिथं थांबे. पोरांसाठी वेगळी हाक कोण ठेवणार? तीच हाक पोरांनाही. लहानपणी घाटात ही एकदा धुक्यातून पुढं पळाली. मागून हाक आली, पाय थांबले. धुकं विरळ झालं तेव्हा समोर वाट नव्हती, नुसती दरी होती.

"तवापासनं ती हाक पायात बसलीया," ती सांगायची. हे सांगताना तिचा आवाज इतका मऊ व्हायचा की असे वडील मिळाल्याबद्दल मला तिचा हेवा वाटायचा.

मग ती पुण्याची शर्यत आली. परदेशात जाणाऱ्या संघाची निवड त्या शर्यतीवरून होणार होती. आठशे मीटरला एकच जागा; पहिली येईल ती विमानात बसणार, बाकीच्या आपापल्या गावी. आमच्या ऑफिसात तर तिचा सत्कार कुणाच्या हस्ते करायचा यावर भांडणंही होऊन गेली होती.

आबांनी तिला कधी शर्यतीत पळताना पाहिलं नव्हतं. तिनं हट्टानं बोलावून घेतलं. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, अशा थाटात ते माझ्या शेजारी बसले. मी पुण्याची, त्यामुळे सगळं समजावून सांगायची हौस मला. दोन फेऱ्या असतात, आबा. ते मान डोलवत होते. बंदुकीचा बार झाला तेव्हा मात्र दचकून उठले, मग खाली बसले.

पहिली फेरी संपता संपता ती पुढं निघाली. आबांची चुळबुळ सुरू झाली.

"बाई, ही एकलीच का पुढं गेली?"

"पुढंच राहायचं असतं, आबा."

"आन् बाकीच्या?"

"त्या राहतात मागे. बघा तुम्ही."

दुसऱ्या फेरीत अंतर वाढतच गेलं. शेवटच्या वळणावर ती आमच्या समोरून गेली तेव्हा तिच्या आजूबाजूला कुणी म्हणजे कुणी नव्हतं. सगळं मैदान ओरडत होतं. आबा कधी उठून उभे राहिले मला कळलं नाही. त्यांचा हात वर गेला आणि ती हाक निघाली.

"हीऽऽर्र होऽऽ!"

मला वाटलं, म्हातारा खुशीत आला. मी टाळ्या वाजवल्या.

ती थांबली. फार नाही, चारदोन श्वासांपुरती; एक पाऊल पडलं आणि दुसरं उचललंच नाही. मान काही वळली नाही. पुन्हा सुटली ती, जीव काढून सुटली. पण तेवढ्यात दोघीजणी तिच्या बाजूनं पुढं निघून गेल्या होत्या.

शर्यत झाल्यावर ती आमच्याकडे आली. चेहरा पांढरा पडला होता. आबांनी विचारलं, "म्या हाक दिली. आली का ऐकू?"

"न्हाई आबा. पायात गोळा आला."

"बरं," ते म्हणाले आणि फेटा सोडून पुन्हा बांधायला लागले.

मास्तर तिच्यावर ओरडले. तिनं गोळ्याचंच सांगितलं. दौंडात लोक म्हणाले, गर्व नडला. हेडक्लार्कसाहेबांनी मात्र त्या दिवसापासून पाटसचा विनोद बंद केला. माणूस वाईट नव्हता. खरं काय ते तिनं मला परतीच्या गाडीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत. वर म्हणाली, "आबांना कदी कळू द्यायचं न्हाई, ताई. त्यांनी मला वाचवायला हाक दिली वती."

मी कुणाला बोलले नाही.

तशी निवड पुन्हा झाली, पण पुन्हा ती पहिली आली नाही. पुढं तिसरी, मग गुडघा दुखावला, मग नुसतीच नोकरी. पहाटे मैदानावर जाणं मात्र तिनं सोडलं नाही. आबा क्वचित दौंडला येत. एकदा त्यांना मी तिच्या ओट्यावर पाहिलं. दोघं शेजारी शेजारी बसलेली, मध्ये चहाच्या दोन कपबश्या, आणि बोलणं काही नाही. ती मला म्हणायची, "आबा पैल्यासारखं बोलत न्हाईत. मी हरले ते लागलंय त्यांना." मी म्हणायचे, वय झालं गं त्यांचं. दुसरं काय म्हणणार?

आबा गेल्याचा निरोप ऑफिसातच आला. शिरूरच्या एसटीत मी तिच्याबरोबर बसले. ती रडली नाही. वस्तीवर पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. बायका घरात होत्या. संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ मेंढरं आणायला गेला. शिट्ट्या मारत, ढेकळं फेकत, कुत्र्याला पिटाळत त्याची नुसती तारांबळ चालली होती.

ती म्हणाली, "आये, हा हाक का देत न्हाई गं?"

"त्याला कुठं येतीया? त्यांनी शिकवलीच न्हाई त्याला." आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पुण्यासनं आले ना, तवापासनं त्यांनी हाकच सोडली. या वयात मेंढरांमागं पळायचे, पडायचे, पर हाक न्हाई. म्या लई भांडले. म्हणायचे, ‘माझ्या हाकंनं पोरगी थांबली. जनावराला ऐकू आलं का न्हाई ते मला कळतंय, आन् पोरीचं कळायचं न्हाई व्हय? तिला सांगू नगंस. गोळा आला म्हणतीया, म्हणू दे.’"

ती उठली आणि मेंढरांकडं चालत गेली. भाऊ कळप रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाड्यात घालत होता. चारदोन मेंढरं फुटून ओढ्याकडं निघाली होती. ती वाड्याशी उभी राहिली आणि तिनं हाक दिली. हुबेहूब आबांची.

एकाही मेंढरानं मान वर केली नाही. जुनी मेंढरं केव्हाच विकली गेली होती, काही मेली होती. जी होती त्यांनी ती हाक जन्मात ऐकली नव्हती. फुटलेली मेंढरं चरत चरत ओढ्याकडं चालत राहिली.

तिनं पुन्हा हाक दिली नाही. पाठमोरी तशीच उभी राहिली. त्या हाकेला थांबणारी आता जगात ती एकटीच उरली होती. मला तिला नावानं हाक मारावीशी वाटली, पण मी मारली नाही. चालत गेले आणि तिच्या बरोबरीला जाऊन उभी राहिले.