मंगलची दोरी आणि माझा पहिला नंबर

आयुष्यात मी एकाच शर्यतीत पहिला आलो, आणि त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

आम्ही अवसरीचे. आमच्या घरात चालणं हा आजार समजतात. अण्णा, म्हणजे वडील, डेअरीला दूध घालायलाही पळत जायचे. (निम्म्या वाटेतच दुधावर लोणी यायचं, असं आई म्हणायची.) दोन्ही काकांच्या ढाली भिंतीवर. मी मात्र कायम शेवटून दुसरा. आणि जो शेवटचा यायचा त्याचा पाय मुरगळलेला असायचा!

धाकटी बहीण मंगल जन्मापासून आंधळी, पण पळायला आम्हा सगळ्यांहून सरस. तिची शर्यत पंधराशे मीटरची. अंध खेळाडूबरोबर एक गाइड पळतो, दोघांच्या हातांत एकच आखूड दोरी. अण्णांनी गाइड म्हणून मला नेमलं, कारण बाकीच्यांना स्वतः जिंकायची खोड होती. (हे कारण लक्षात ठेवा.)

अण्णांचं शिक्षण घाटातलं, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवरचं. "गाड्याम्होरं घोडी पळती का न्हाई? तिला बघून बैलं जोर धरत्यात. तू घोडी व्हय!"

"पण अण्णा, मंगलला घोडी दिसणार कशी?"

"लई शाना झालास! पळ!"

मग राज्याच्या संघाची निवड आली. पहिली येईल ती थेट संघात. पंचांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "रेषा खेळाडूनं आधी ओलांडायची. गाइड पुढं गेला तर बाद." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

शेवटच्या वळणावर मंगल सगळ्यांच्या पुढं. म्हणजे मीही पुढं! अहो, एवढी वर्षं मी पळालो ते दुसऱ्यांच्या पाठी बघत. रिकामा ट्रॅक कसा दिसतो, ते मला ठाऊकच नव्हतं राव! पंच विसरलो, संघ विसरलो, मंगलही विसरलो. छाती काढली, दोन्ही हात वर केले (एका हातात दोरी, दोरीला मंगल!) आणि रेषेपार गेलो. पहिला!

"बाद!" पंच ओरडले. मी हात वर करून अजून उभाच. वाटलं, कुणीतरी हार आणेल.

घरी अण्णांनी विचारलं, "कसं काय झालं?" मंगल बुटांच्या नाड्या सोडत बसली. मी म्हणालो, "शेवटाला तिचा पाय अडखळला. त्यात मी पुढं गेलो."



"अडखळला?" अण्णा गरजले. "उद्यापासनं नांगरटीत पळायचं!"

वर्षभर ती गुडघे उचलून ढेकळांतून पळाली, माझ्या थापेपायी. दोरी आता लोणी गावच्या एका मास्तरांकडं. मी बांधावर, पाण्याची बाटली धरून. पुढच्या निवडीत मंगल संघात गेली, मग देशपातळीवर पदक, मग आणखी एक. मुलाखतीत ती सांगायची, "पायात ताकद आली ती ढेकळांनी." ते ऐकलं की मी टीव्हीसमोरून उठून गोठ्यात जायचो. म्हशी काही विचारत नाहीत.

परवा गावानं तिचा सत्कार केला. सरपंचांनी माझ्याही हातात नारळ ठेवला. "पयली दोरी धरली ती ह्या थोरल्या भावानं!"

टाळ्या वाजल्या आणि मला राहवेना. माइक घेतला. "तिचा पाय अडखळला नव्हता. मीच पुढं पळालो. मी खोटं बोललो."

अण्णा काठी चाचपायला लागले.

मंगल हसली. "दादा, म्हाईत हाय मला. आंधळी मी हाय, माझा हात न्हाई. काय वढली व्हतीस दोरी!"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"जल्मात पयल्यांदा पयला आला व्हतास. म्हनलं, राहू दे."

आता मास्तरांचे गुडघे दुखतात, म्हणून सकाळच्या सरावाची दोरी पुन्हा माझ्याकडं आली आहे. मंगलची अट एकच: "अर्धं पाऊल मागं ऱ्हायाचं." अण्णांना काळजी, ह्याला जमंल का? अहो अण्णा, मागं राहायचा सराव मला लहानपणापासूनचा आहे!