कुइनी आंटींची ओढ्याकाठची पट्टी

कुइनी आंटी माणसाला आधी नाव विचारत नसत. मी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून हात पुढे केला, तर त्यांनी विचारलं, "तुझा डोंगर कोणता? नदी कोणती?" २०१३चा सुमार. अप्पर हटच्या एका मोजणी कंपनीत मी नवा होतो आणि आंटींच्या माओरी कुळाच्या जमिनीचा नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं होतं. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाकडे कुठला आलाय डोंगर! म्हटलं, "पर्वती. आणि मुठा." त्यांनी माझ्या फोनवर पर्वतीचा फोटो नीट पाहिला. "लहान आहे," म्हणाल्या, "पण पायऱ्या बऱ्या आहेत. बस."

ती जमीन सरकारने त्यांच्या आजोबांकडून लष्करी कोठारासाठी घेतली होती. आता कोठार बंद झालं होतं, आणि गरज संपलेली जमीन कायद्याने मूळ मालकांच्या वारसांना परत मिळणार होती. फक्त ओढ्याकाठची पट्टी पायवाटेसाठी राखून ठेवायचं घाटत होतं. नेमकी त्याच पट्टीत आंटींची माणसं पुरलेली. तसं सिद्ध झालं, तर पट्टीही परत मिळणार. पण त्यासाठी जागा दाखवायला हवी, आणि आंटी दाखवायला तयार नव्हत्या.

मला मुळात त्यांचा कारभारच कळेना. आमच्याकडे सातबाऱ्यावर दोन भावांची नावं लागली की वाटणीचा दावा ठरलेला. इथे एका तुकड्यावर शेकड्यांनी नावं, आणि वाटणी कोणीच मागत नाही. मी विचारलं तेव्हा त्या हसल्या. "वाटली तर माझ्या वाट्याला टॉवेलएवढी येईल. टॉवेलवर सगळ्यांना जेवायला कशी बसवू?"

"मग जागा का दाखवत नाही?" मी चिकाटी सोडली नाही.

"नकाशावर आलं की फावडी घेऊन लोक येतात. आजीच्या गळ्यातला हिरवा दगड तिच्याबरोबरच आहे, पोरा."

शेवटी तोड निघाली. नकाशाची एकच कागदी प्रत, तीही बंद पाकिटात. सरकारी अधिकारी बाईंनी ती पाहायची, सही करायची आणि पाकीट आंटींना परत द्यायचं. मग आंटी मला ओढ्यावर घेऊन गेल्या. जागा दाखवली तीही बोटाने नाही, हनुवटीने. मी मोजणीयंत्राने तिथला बिंदू टिपला. परतताना फाटकाशी त्यांनी बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं. म्हटलं, "आम्हीही स्मशानातून आलो की हातपाय धुतो." त्या म्हणाल्या, "मग तुला जास्त सांगायला नको."

सांगायलाच हवं होतं. ऑफिसात पोचल्यावर मी मोजणीयंत्राला केबल लावली आणि दिवसभराचे सगळे बिंदू कंपनीच्या सर्व्हरवर चढवले. हाताची सवय, दुसरं काय! आठवड्याने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, "ओढ्याजवळचा हा बिंदू कसला? गटाराचं झाकण का?" "चुकून आलाय," म्हणून मी तो पुसला, बॅकअपमधूनही काढायला लावला.

आता गप्प बसलो असतो तरी कोणाला पत्ता लागला नसता. सही अजून व्हायची होती. आंटींनी चिडून पाकीट फाडलं असतं तर पट्टी गेलीच होती. पण पुढच्या चार दिवसांत मला जेवण गोड लागेना. शनिवारी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "मला काय सांगतोस? त्यांना सांग." आणि कोट चढवून गाडीत जाऊन बसल्या.

ओढ्याशी आल्यावर मी म्हटलं, "मला माओरी येत नाही."

"आईशी ज्या भाषेत बोलतोस, तीत सांग."

मी उभा राहिलो. "माझं चुकलं," मी मराठीत म्हणालो. "तुम्ही इथे आहात हे मी नको तिथे लिहिलं. पुसून टाकलंय. तुमची जमीन तेवढी अडू देऊ नका." डोळे भरून आले, आणि त्याची मला लाजही वाटली नाही. आंटींना एक अक्षर कळलं नसणार. फाटकाशी त्यांनी पुन्हा हातांवर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "सोमवारी पाकीट नेऊ."

सही झाली. पट्टी परत मिळाली.

२०१८मध्ये कुइनी आंटी गेल्या. त्यांना त्या पट्टीतच पुरलं, त्यांच्या माणसांशेजारी. मीही होतो तिथे. नक्की कुठे, ते मात्र मला विचारू नका.