गेल्या आठवड्यात मालकांनी काय केलं

"आमी बसून खाणारी माणसं न्हाई," असं म्हणून मालक दोन्ही तळहात पुढं करायचे. समोरच्यानं नीट बघेपर्यंत ते हात खाली घेत नसत. हातांवर घट्टे होते. आम्ही भाडेकरू ते महिन्यातून एकदा तरी बघायचो.

मालक म्हणजे आमचे घरमालक. पुनावळ्यात त्यांच्या पत्र्याच्या सहा खोल्या एका ओळीत होत्या. त्यातल्या चौथ्या खोलीत आम्ही पाच जण राहायचो. वडील लातूरकडून आलेले, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला. आई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. वर्कशॉपला ऑर्डर नसली की वडील घरी असायचे आणि त्या आठवड्यात आमच्या वरणात पाणी वाढायचं. सहा खोल्यांना मिळून एक नळ. सगळे आत आले की वही उघडायला जागा उरायची नाही, म्हणून मी उंबऱ्यावर बसून अभ्यास करायचे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगते.

खोल्यांच्या मागं मालकांचं रान होतं. कांदा, ज्वारी, बांधाला मेथी. मी शाळेला निघायचे तेव्हा मालक खोरं घेऊन पाणी देत असायचे, पोटऱ्यांपर्यंत चिखल. संध्याकाळी परत यायचे तेव्हाही तिथंच. माझ्या डोक्यात मालकांचा फोटो कायमचा तोच बसला. पुढं माझ्याकडून जी चूक झाली तिचं मूळ त्या फोटोत आहे.

बारावीनंतर मी आहारशास्त्राला प्रवेश घेतला. मालकांनी आईला विचारलं, "ह्यात शिकवत्यात काय?"

"कुणी काय खायचं, किती खायचं, ते," आई म्हणाली.

"जेवायला शिकवावं लागतं व्हय?" मालकांनी बराच वेळ विचार केला. "बरं. शिकू द्या. पोरगी हुशार हाय, दुसरं काय तरी मिळंल."

दुसरं काही मिळालं नाही. मी तेच शिकले, पदवी घेतली. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. आम्ही पुनावळं सोडलं, मोशीला स्वतःचा फ्लॅट घेतला, आणि मी वाकडच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून बसायला लागले. खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे. ती मी रोज वाचते.

दोन वर्षांपूर्वी त्या पाटीखालून मालक आत आले. सोबत काकू, म्हणजे त्यांची बायको. तुम्ही आपल्या भागातले असाल तर असे मालक पाहिलेच असतील. पांढरी गाडी, पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी. आमचे मालक तसे नव्हते असं म्हणायला मला आवडलं असतं.

काकूंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यांच्या मुलीचं मूत्रपिंड जुळलं नाही, मालकांचं जुळलं. ते स्वतःचं एक द्यायला तयार होते. अडचण एकच होती. मालकांचं वजन शहाण्णव किलो होतं. सर्जननी सांगितलं होतं, पंच्याऐंशीच्या आत या, तोवर तुम्हाला टेबलावर घेणार नाही.

"अकरा किलो काढायचेत," मालक म्हणाले. "तू शिकलीस म्हनं त्यातलं."

मी त्यांच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. वय अठ्ठावन्न, उंची, वजन, सगळं भरलं. मग ॲपनं विचारलं, दिवसभरात हालचाल किती? पाच पर्याय होते, अगदी बैठ्या कामापासून अति कष्टाच्या कामापर्यंत.

"काम काय लिहू?" मी विचारलं.

"शेती," मालक म्हणाले. "आजून काय?" आणि तळहात पुढं केले.

मी चौथा पर्याय निवडला. कष्टाचं काम. माझ्या डोळ्यांपुढं खोरं होतं. ॲपनं गणित केलं आणि सांगितलं, रोज अडीच हजार कॅलरी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल.

महिन्यानं मालक आले. काट्यावर उभे राहिले. साडेसत्त्याण्णव. त्यांनी घड्याळ काढलं, पाकीट काढलं, शेवटी साखळी काढून काकूंच्या हातात दिली. सत्त्याण्णव पूर्णांक तीन.

"काटा खराब हाय तुझा," मालक म्हणाले.

"मालक, बाहेरचं काही खाल्लं का?"

"न्हाई."

"लग्नकार्य?"

"तीन व्हती. जेवलो न्हाई. डबा घेऊन गेलो."

ते खरं होतं. मालकांनी घरी काटा आणला होता, भाकरी मोजून, भाजी मोजून खात होते. काकूंनी बाकीचं सांगितलं. "रोज सांजच्याला मोबाईल बघत्यात. म्हणत्यात, आजून तीनशे ऱ्हायल्यात. मग येक भाकर आन त्यावर तूप. मी म्हणलं, भूक न्हाई तर नगा खाऊ. तर म्हणत्यात, मॅडमनं लिवून दिलंय. माझं पथ्याचं ताट एकीकडं आन यांचं औषधाचं ताट एकीकडं. औषध चांगलं व्हतं वासाला."

मी लिहून दिलं होतं तेवढं मालकांनी खाल्लं होतं. एक कॅलरी कमी नाही, जास्त नाही. एवढा आज्ञाधारक पेशंट मला आजवर मिळाला नाही.

मग मी जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. "काल सकाळपासून काय काय केलं, ते सांगा. उठल्यापासून."

"पाचला उठलो. शेतकऱ्याला झोप लागत न्हाई पाचानंतर."

"मग?"

"च्या. मग देवळाम्होरं बसलो. आठला बैलांकडं गेलो." शर्यतीसाठी त्यांनी बैलजोडी ठेवली आहे.

"कसे गेलात?"

"गाडीनं. लांब हाय. चारशे मीटर आसंल."

"बैलांचं काय केलं?"

"धुतले, चारा टाकला, फिरवलं."

"कोणी?"

मालक छताकडं बघायला लागले. "गड्यानं," काकू म्हणाल्या.

"आन मी काय करत व्हतो? सांगत व्हतो की त्याला."

"उभे राहून?"

"खुर्ची हाय तिथं," काकू म्हणाल्या.

बाकीचा दिवस सोसायटीच्या ऑफिसात, मग वकिलाकडं, मग दुपारची झोप, मग पुन्हा देऊळ. मी मोबाईलमधली पावलं बघितली. अकराशे. "त्यो गाडीत ऱ्हातो कधीमधी," मालक म्हणाले. मी म्हटलं, धरून चालू की दोन हजार झाली.

रान बारा वर्षांपूर्वी बिल्डरला गेलं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिथं आता बावीस मजल्यांचे चार टॉवर आहेत, हायवेवरून जाताना मी ते रोज बघते. पण विचारताना मी माणसाला विचारलं नव्हतं, फोटोला विचारलं होतं. पदवी माझ्याकडं होती, त्यामुळं चूक माझी होती. मी तसं मालकांना सांगितलं. अडीच हजार आकडा चुकीचा होता, तुमचा सोळाशे येतो, असंही सांगितलं.

"सोळाशे म्हंजी त्या पाचातलं कोणतं?"

"पहिलं. बैठं काम."

"ते न्हाई लावायचं," मालक म्हणाले. "अठराशे लाव, सतराशे लाव. उपाशी ठेव. पण ते लावू नगं. गोठ्यापुरतं का हुईना, सातबाऱ्यावर आजून नाव हाय माझं."

"वजन सातबारा बघत नाही, मालक."

"कुणाला दिसतं का हे? कुणी काय टाकलंय ते?"

"कुणालाच नाही. तुम्ही, काकू आणि मी."

"ही हायच की," मालक म्हणाले.

मला त्यांना दुखवायचं नव्हतं, आणि काकूंसमोर खोटं तर अजिबात टाकायचं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही कोण आहात ते हे ॲप विचारत नाही. ते फक्त विचारतंय, गेल्या आठवड्यात काय केलं?"

मालकांचे तळहात मांडीवर पालथे होते.

"गेल्या आठवड्यात," ते म्हणाले, "न्हाई केलं काय."

मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा लावला, पाचही पर्याय पुन्हा वाचले आणि पहिल्यावर बोट टेकवलं. काकू खिडकीतून पार्किंग बघत होत्या. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

त्यानंतर वजन उतरायला लागलं. मी रोज चालायला सांगितलं होतं. मालकांनी टॉवरच्या आवारातला रस्ता धरला, म्हणजे स्वतःच्या जुन्या रानाला फेऱ्या. पहिल्या दिवशी गेटवरच्या माणसानं विचारलं, "कुठल्या विंगला जायचंय, काका?" मालक म्हणाले, "बी विंगला कांदा व्हता, तिकडं." त्यानं सोडलं. माणूस वेडा आहे पण घरंदाज आहे, असं त्याला वाटलं असावं.

पंधरा दिवस चालले आणि माझ्याकडं आले. "आता वरचा पर्याय लाव. चालतो की रोज पाऊण तास."

मी नाही म्हटलं. चालणं आपण ॲपमध्ये रोज वेगळं लिहितो, त्याच्या कॅलरी तिथं धरल्या जातात. पुन्हा पर्यायही वर चढवला तर तेच चालणं दोनदा धरलं जाईल, आणि जेवण परत वाढेल.

मालकांनी डोळे बारीक केले. "म्हंजी भावाभावाच्या वाटणीत येकच बांध दोघांच्याबी मोजणीत धरला, तसं."

"तसंच."

"मग खून पडत्यात," मालक म्हणाले. "ऱ्हाऊ दे पहिलं." दुसऱ्या पेशंटांना मी आता हेच उदाहरण देते. वाकडच्या आयटीवाल्यांना ते समजत नाही.

नव्वदला आल्यावर काकूंना धाप लागून ॲडमिट करावं लागलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, फार थांबता येणार नाही. मालकांनी मला फोन केला. "मी जेवण बंद करतो. चार दिसांत पाच किलो उतरंल."

"उतरेल," मी म्हटलं, "आणि शेजारच्या बेडवर तुम्हाला ठेवतील. मग काकूंना द्यायचं कुणी?"

मालक म्हणाले, "बरं. किती खाऊ?"

"सोळाशे."

आठवडाभरानं काकू घरी आल्या आणि मालक माझ्याकडं आले. या वेळी मी विचारायच्या आधीच बोलले. "लिही. ह्या आठवड्यात चाललो न्हाई. येक पाऊल न्हाई. हिच्यापाशी बसून व्हतो. सकाळी बसलो, रातच्यालाच उठलो."

मी लिहिलं. त्यांच्या आवाजात लाज नव्हती. वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याजवळ एवढा बसला नव्हता, हे मालकांनीच मला सांगितलं. सांगून लगेच विचारलं, "ह्याला कायतरी कॅलरी आसंल का?" मी म्हटलं, ॲपमध्ये तसा पर्याय नाही.

पुढचे तीन महिने ते न चुकता चालले. गड्याला सांगून खुर्ची हलवली, बैलांना सकाळी स्वतः चारा टाकायला लागले. शेवटच्या वेळी माझ्या काट्यावर उभे राहिले तेव्हा अंगावर सगळं होतं, घड्याळ, पाकीट, साखळी. आकडा चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा आला. मालकांनी तो वाचला, खाली उतरले आणि चपला घालून बाहेर पडले. सर्जनना दाखवायचा वजनाचा कागद घ्यायलाही थांबले नाहीत, मला मागं पळावं लागलं.

त्यानंतर ते माझ्या खोलीत आलेले नाहीत. मधे मीच एकदा पुनावळ्याला गेले. मालक घरी नव्हते, पहाटेच बैल घेऊन शर्यतीला गेले होते. काकूंनी दार उघडलं. मला बसवून आत गेल्या आणि पाण्याचे दोन तांबे घेऊन आल्या, एक माझा, एक स्वतःचा. डायलिसिसवर असताना त्यांना दिवसभरात मिळून जेमतेम दोन-तीन पेले पाणी चालायचं, औषधाच्या गोळ्याही त्यातच. आता त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला.

मी चुकून वाढवलेलं धरून मालकांनी तेरा किलो वजन उतरवलं आणि एक मूत्रपिंड दिलं. ते काकूंना लागलं आहे, आणि चाललं आहे.