वरच्या मजल्यावरची पुढची सीट

मुंबईच्या जुन्या डबलडेकर बस मोडीत निघाल्याची बातमी वाचली आणि अंगणातल्या बोंबलांच्या वासानं मी साठ वर्षं मागे गेले. तेव्हा मी समुद्रापलीकडच्या थळ गावची नवी सून होते. सासूबाईंबरोबर लाँचनं मुंबईला जाऊन सुकी मासळी विकली होती. परतताना रिकामी पाटी घेऊन त्या थेट डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर बसल्या.

तिकीट फाडून झाल्यावर कंडक्टर म्हणाला, "मावशी, वास येतो. खाली जा."

"पाटी रिकामी हाय. वास माज्या अंगाचा हाय, नि अंगाचं तिकीट मी काढलंय," म्हणत सासूबाईंनी पाय पसरले.

मागची माणसं नाक दाबून उठली. मी लाजून पदरात तोंड लपवलं. आता चीड येते ती त्या पदराची. समोर अख्खी मुंबई होती, आणि मी ती पाहिलीच नाही.