सिरिल हिंक्सचा उजवा पाय

कॉव्हेंट्रीत मोटारींचे कारखाने पुष्कळ, आणि नवी गाडी रस्त्यावर फिरवून "ठीक आहे" म्हणणारी माणसंही पुष्कळ. पण तिथल्या एका लहानशा कारखान्यात डिस्क ब्रेकचा विषय निघाला की एकच नाव निघायचं, सिरिल हिंक्स. जुने ड्रमचे ब्रेक जाऊन चकतीचे ब्रेक येऊ लागले, तेव्हाच्या अगदी पहिल्या गाड्या त्यानेच चालवल्या होत्या. तेव्हा त्यांत एक वाईट खोड होती. खडबडीत रस्त्यावर चाक डुगडुगलं की चकती तिला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पॅडना मागे ढकलायची, आणि पुढच्या वेळी पाय ठेवला की पॅडल सरळ तळाला जायचं. पुन्हा दाबलं की मात्र गाडी जागच्या जागी उभी. पुढे इंजिनिअरांनी ही खोड काढली आणि गाड्या विकायला सुरुवात झाली. खोड गेली असं सांगणारा अर्थात सिरिलच होता.

सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी लेम्स्टरहून प्रॉसर नावाचे गुरांचे डॉक्टर आपली नवी गाडी घेऊन कारखान्यात आले. साठीचा, लाल चेहऱ्याचा, मोठ्याने बोलणारा माणूस.

"हिंक्स, गाडी तू पास केलीस ना? मग ऐक. शेतावरच्या वाटेने येतो, वळणावर पाय ठेवतो, आणि पायाखाली काही नाहीच! दोनदा झालं. परवा पॉवेलच्या मेंढ्या थोडक्यात वाचल्या. मेंढ्या बऱ्या करायला निघालो होतो मी, मारायला नाही."

सिरिलने त्यांना शेजारी बसवलं आणि कारखान्यामागच्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी दामटली. जिथे म्हटलं तिथे गाडी थांबली.

"गाडी चोख आहे, साहेब. ड्रमची सवय झालेल्या पायाला वेळ लागतो. आणि... वयही असतं थोडं."

प्रॉसरनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "माझा भागीदार तरुण आहे. दवाखाना त्याच्या नावावर करायचा की नाही, एवढंच अडलं होतं. ज्याला रात्री-अपरात्री गाडी हाकता येत नाही तो गुरांचा डॉक्टर कसला? मंगळवारी वकिलाकडे जायचंय. तू खात्रीने सांगतोयस?"

"खात्रीने," सिरिल म्हणाला.

ते गेले ते गोगलगायीच्या चालीने गाडी चालवत गेले. फाटकातला पहारेकरी हसला. सिरिलही हसला.

रविवारी कारखान्याची एक चकतीच्या ब्रेकची गाडी घेऊन सिरिल आणि त्याची बायको एनिड तिच्या बहिणीकडे बॅनबरीला जेवायला गेले. परतताना एनिड म्हणाली, "आज मी चालवते. तू पुडिंग दोनदा घेतलंयस, झोपशील."

सनरायझिंग हिलच्या माथ्यावर रस्ता उखडलेला होता. गाडी धडधडत त्यावरून गेली आणि उतार लागला. पहिल्या वळणाशी एनिडने ब्रेक दाबला. पॅडल तळाला गेलं. गाडी रस्ता सोडून गवताच्या बांधावर चढली आणि कुंपणाच्या झुडपात घुसून थांबली. एनिडचं कपाळ काचेवर आपटलं.

सिरिलच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा: "उशिरा दाबलंस!"

एनिडने रुमाल कपाळाला लावला. "तोंड सांभाळ, सिरिल. बॉम्ब पडत होते तेव्हा जखमी माणसं घालून मी ॲम्ब्युलन्स हाकलीय, दिवे न लावता. कधी दाबायचं ते मला नको शिकवूस."

"मग गाडी थांबली का नाही?"

"ते तू सांगायचंस. पगार तुला मिळतो."

त्याने गाडी मागे घेतली, पुन्हा माथ्यावर नेली, त्याच उखडलेल्या रस्त्यावरून, त्याच उतारावर आणली. वळणाशी गाडी मऊसूत थांबली. "बघ!" तो म्हणाला.

एनिड रस्त्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या बुटाकडे बघत होती. "दोनदा दाबलंस."

"एकदाच."

"आधी टिचकी मारल्यासारखं, मग खरं. पुन्हा कर."

त्याने पुन्हा केलं. ती म्हणाली, "दोनदा."

"तुझ्या डोक्याला मार बसलाय, एनी."

"डोकं राहू दे. हात तर शाबूत आहे ना?" तिने आपला तळवा त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "आता चल. एकदाच दाबायचं असं मनाशी ठरवून चल."

तो ठरवून गेला. वळण आलं. आणि तिच्या तळव्याखाली आपला गुडघा हलका खाली गेलेला, उचललेला, पुन्हा खाली गेलेला त्याला स्वतःला कळला. परक्या माणसाचा पाय असावा तसा.

खोड गाडीतून गेलीच नव्हती. ती त्याच्या पायाने गिळली होती. इतकी वर्षं पाय तिची भरपाई करत होता आणि तोंड "ठीक आहे" म्हणत होतं. त्या "ठीक आहे"वर किती गाड्या फाटकाबाहेर गेल्या होत्या!

"प्रॉसर," तो म्हणाला, आणि वाटेत त्याने तिला शुक्रवारची सगळी हकीकत सांगितली.

संध्याकाळी तो मुख्य व्यवस्थापक डॉकर यांच्या घरी गेला. डॉकर बागेत डेलियाचे कंद उकरत होते. सगळं ऐकून ते मातीचे हात तसेच ठेवून उभे राहिले.

"मोटारींचं प्रदर्शन आठवड्यावर आलंय, हिंक्स. आणि तुम्ही सांगताय, तुमच्या बायकोने तुमचा गुडघा धरला म्हणून गाड्या परत मागवू?"

"साहेब, तुम्ही स्वतः चालवून बघा. खड्ड्यांतून न्या आणि एकदाच दाबा."

"प्रदर्शन झाल्यावर बघेन. तोवर बाहेर ब्र काढायचा नाही. उद्या ही गोष्ट खरी निघाली तर सगळ्यात आधी कोण जाईल, ठाऊक आहे ना? ज्याने पास केल्या तो. कशाला आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेता?"

घरी आल्यावर एनिडने विचारलं, "काय म्हणाले?"

"थांब म्हणाले."

"आणि मंगळवार? तो थांबेल?"

सोमवारी सकाळी सिरिल कामावर गेला नाही. कारखान्याची गाडी कारखान्यात न नेता त्याने लेम्स्टरचा रस्ता धरला. वाटेत प्रत्येक वळणावर तो आपल्या पायाकडे बघत होता, आणि पाय आपलं तेच करत होता.

प्रॉसरनी दार उघडलं तेव्हा त्यांचा आवाज शुक्रवारपेक्षा लहान झालेला होता. "आता काय, हिंक्स? चष्मा बदल म्हणून सांगायला आलास?"

"चूक माझी आहे, साहेब. तुमचा पाय ठीक आहे. गाडी ठीक नाही."

त्याने सगळं सांगितलं. प्रॉसरचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने त्यांनाच चालवायला बसवलं, शेताच्या वाटेवरून सावकाश गाडी घ्यायला लावली, आणि मोकळ्या कुरणात शिरल्यावर म्हणाला, "दाबा." पॅडल तळाला गेलं. गाडी हळूहळू घरंगळत पुढे गेली आणि गवताच्या गंजीला नाक टेकून थांबली. प्रॉसर आधी मोठ्याने हसले. मग स्टीअरिंगवर मुठी आपटत ओरडले, "तीन दिवस, हिंक्स! तीन दिवस मी दाढी करताना आरशात म्हातारा बघतोय! परवा गाय अडली होती, तर भागीदाराला पाठवलं. मी पाठवलं!"

सिरिल उतरला आणि गाडीच्या नाकावरचं गवत झटकू लागला.

घरात येताच प्रॉसरनी फोन उचलला. आधी वकिलाला कळवलं की उद्या येत नाही, आणि मग कारखान्याला लावला. सिरिल टोपी हातात घेऊन पायपुसण्यावर उभा होता.

"मिस्टर डॉकर? प्रॉसर बोलतोय, लेम्स्टरहून. तुमच्या ब्रेकबद्दल... नाही, ऐका. माझ्यासारख्या किती जणांना गाड्या विकल्यात तुम्ही? त्या सगळ्यांना आज कळवा. नाही कळवलंत तर मी वर्तमानपत्रात कळवतो... कोणी सांगितलं म्हणजे? तुमच्याच माणसाने. हिंक्सने. हो, इथेच उभा आहे."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. प्रॉसरनी फोनवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच जरा मवाळपणे विचारलं, "द्यायचा का तुझ्याकडे? नको असेल तर गेला म्हणून सांगतो."

"द्या," सिरिल म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला.