सातवाल्यांचा नमस्कार

गावभर त्यांना सातवाले म्हणत, कारण स्थानिक वाहिनीवर संध्याकाळी सातच्या बातम्या तेच वाचत. पंखा लावला तर त्याची घरघर बातम्यांत शिरे, म्हणून बिचारे घामाघूम होऊन वाचत. टेबलाच्या वर इस्त्रीचा शर्ट आणि कोट, टेबलाखाली विटलेली पॅंट आणि चपला. गावाला अर्धेच सातवाले ठाऊक होते आणि तेवढ्यावर गाव खूश होतं.

पण गावाच्या खुशीवर वाहिनी चालत नाही. जाहिराती आटल्या, दोनांतला एक कॅमेरा कायमचा आजारी पडला, तेव्हा मालकांनी शेवटचा उपाय म्हणून मोठ्या वाहिनीवरच्या नावाजलेल्या बाईंना आणायचं ठरवलं. "काका, तुम्ही सकाळचं हवामान सांभाळा," ते खाली बघत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. सातवाले "बरं" म्हणाले.

घरी मात्र आठवडाभर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. जगाच्या बातम्या न अडखळता वाचणारा हा गृहस्थ स्वतःची एवढीशी बातमी बायकोला सांगताना ततपप करायचा आणि भलताच विषय काढायचा. आता आपल्यात तिला बघण्यासारखं काय उरणार, ही भीती त्यांना आतून खात होती.

बाई येणार त्या दिवशीही बायकोने शर्टाला इस्त्री केली आणि तो घालून ते निमूट निघाले. बाईंना खुर्ची दाखवली, खिशातला स्वच्छ रुमाल दिला. "पंखा बंद असतो, लागेल तुम्हाला."

"तुमच्या जागी बसतेय, राग नाही ना?" बाईंनी विचारलं.

"डावीकडे रेलू नका, खुर्ची कलते," सातवाले म्हणाले. राग होता, पण बाईंवर नव्हता.

घरी परतायच्या नेहमीच्या वेळेपर्यंत बाहेर भटकायचा बेत होता. पण जो भेटेल तो विचारी, "आत्ता इकडे कसे?" शेवटी कंटाळून ते सातच्या आत घरी आले. बायको टीव्हीसमोर बसली होती. तिने शेजारच्या खुर्चीवरचे कपडे उचलले.

"बसा. चौकात बाईंचा एवढा मोठा फोटो लागलाय, मी काय डोळे मिटून बाजारात जाते?"

"मग इस्त्री कशाला केलीस?"

"बाहेर निघाला होतात ना."

दोघांनी बातम्या पाहिल्या. बाई छान वाचत होत्या, आणि त्याचं सातवाल्यांना फार वाईट वाटलं. शेवटी बाईंनी हात जोडले. "नमस्कार."

"या," बायको पडद्याला म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"कुणाला बोलावतेस?"

"सवय हो. तुम्ही नमस्कार केलात की मी रोज 'या' म्हणते आणि जेवण गरम करायला उठते. तुम्ही येईपर्यंत होतं."

इतकी वर्षं सातवाल्यांना वाटत होतं, त्या नमस्काराने आपण गावाचा निरोप घेतो. बायको जागची हलली नाही.

"आता काय झालं?"

"तुम्ही म्हणा की. त्याशिवाय मला उठवत नाही."

सातवाल्यांनी कॉलर सारखी केली आणि ते ताठ बसले. आवाज नेहमीसारखा लागला नाही. "नमस्कार."

"या," ती म्हणाली आणि पातेलं गॅसवर ठेवायला आत गेली.