गोधडीची वरची बाजू

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनाच्या चुका असतील, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वन्सं गेल्या त्याला महिना होऊन गेला. सकाळी चहा घेऊन वर गेले, तर त्या गोधडीत शांत पडलेल्या... मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसले.

वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. कॉलेजात विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही. मुकुंदवाडीच्या आमच्या घरात गच्चीवरची खोली त्यांची होती. संध्याकाळी बाजेवर पडून त्या आभाळाकडे बघत राहायच्या. घरामागच्या रुळांवरून संध्याकाळची रेल्वे निघून गेली की हळूहळू बोलायला लागायच्या, झोपेत बोलावं तसं. पाखरूही पोचत नाही अशी फार वरची हवा वर्षानुवर्षं गार होत चाललीय, आखडून खाली येतेय... त्यांचं सगळं आयुष्य याच अभ्यासात गेलं. घरात ऐकणारी मी एकटी.

"काय तरीच, वन्सं. इथं उन्हानं जीव चाललाय, अन् वर गार?"

"व्हय. आपल्या धुरानं ऊब खालीच कोंडून राहते. समजलं का?"

"नाय."

"मग मला अजून जगावं लागंल, वैनी. तुला समजल्याबिगर मी काय जायची नाय."

हा आमचा खेळच झाला. कधी पातेल्यावर झाकण ठेवून सांगायच्या, कधी चादर ताणून. मी आपली "नाय" म्हणायचे, आणि खरंच समजत नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांना ताप भरला. जुन्या लुगड्यांची मी शिवलेली जाड गोधडी त्यांच्यावर घातली. पाय चेपायला हात आत घातला तर आत भट्टी. वरून हात फिरवला तर गोधडी गार. माझा हात तिथंच थांबला. आतली ऊब आतच राहिली, म्हणून वर गार. आणि गार पडलं की आखडतं, थंडीत माणूस आखडतं तसं.

वन्संनी डोळे उघडले. "काय गं, समजलं का?"

"नाय," मी म्हणाले.

"ठोंबी हायेस. थांबते मग."

त्या थांबल्या, संक्रांतीपर्यंत. रोज विचारायच्या, मी रोज तेच सांगायचे. शेवटच्या संध्याकाळी मात्र माझ्याकडे बघत राहिल्या, आणि हसून म्हणाल्या, "खोटारडी." एवढंच...

गोधडी देऊन टाक, असं सगळे म्हणाले. मी दिली नाही. काल ती अंगावर घेऊन त्यांच्या बाजेवर पडले. आधी आतूनही गारच होती. मग रेल्वे निघून गेली, आणि सावकाश आत ऊब धरली. मी हात बाहेर काढून वरून फिरवला.

"समजलं, वन्सं," मी म्हणाले.